पहिल्या तीनशे वर्षांनी मला काय शिकवलं

मी वसईतला कॅथलिक. घराणं वाडीवाल्यांचं, नोकरी बँकेत झाली. गेली कित्येक वर्षं रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवतो. मुलांच्या प्रश्नांना नीट उत्तरं देता यावीत म्हणून ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांचा इतिहास वाचायला घेतला. नव्या करारातली पत्रं, त्यानंतरच्या पिढ्यांतले धर्मपिते, हुतात्म्यांच्या नोंदी, आणि या नव्या पंथाकडे संशयानं पाहणाऱ्या रोमन अधिकाऱ्यांची पत्रं. वर्गासाठी सुरू झालेलं हे वाचन पुढे माझंच होऊन गेलं.

लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत सिंह होते, रिंगणं होती, रोमच्या जमिनीखालची भुयारं होती. ती भुयारं मुळात दफनभूमी होत्या; आपल्या मृतांना नीट मूठमाती मिळावी म्हणून खोदलेल्या. पुस्तकांतून मला भेटली ती साधी माणसं. तंबू शिवणारी, जांभळं कापड विकणारी, गुलाम, विधवा. आपसांत भांडणारी, सरकारला घाबरणारी, आणि तरीही आजाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहणारी. त्यांच्याकडून जे घेतलं ते पुढे लिहितो आहे.

१. सुवर्णकाळ शोधू नये

"पूर्वीचे ख्रिस्ती कसे एकदिलानं राहायचे!" असं आपण नेहमी ऐकतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात तसं चित्र आहेही: सगळं सामाईक, कोणाला काही कमी नाही. पण त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तक्रार सुरू झालेली दिसते. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांना डावललं जातं, असं ग्रीक बोलणारे म्हणतात. म्हणजे भाषेवरून झालेला भेदभाव, तोही येरुशलेममध्ये, प्रेषितांच्या डोळ्यांदेखत.

करिंथची मंडळी तर प्रेषित पौलाला पुरून उरली. इसवी सन ५५च्या सुमारास त्यानं त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात काय नाही? हा पौलाचा, तो अपुल्लोसाचा असे गट, एकमेकांवर कोर्टात खटले, आणि प्रभुभोजनाला जमल्यावर पैसेवाले आधी जेवून घेतात व गरीब उपाशी राहतात ही सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट. पुढे सुमारे ९६ साली रोमहून धर्मपिता क्लेमंतचं पत्र त्याच करिंथला गेलं. कारण पुन्हा तेच, भांडण.

हे वाचून मला निराशा आली नाही, धीर आला. आमच्या धर्मग्रामातही सणाच्या वर्गणीवरून, गायनमंडळात कोणी पुढे उभं राहायचं यावरून वाद होतात. चांगली माणसं दुखावून घरी बसतात आणि म्हणतात, "चर्चमध्ये आता पूर्वीसारखं राहिलं नाही." पूर्वीही नव्हतं. बघण्यासारखं आहे ते त्यांनी तक्रारीचं काय केलं हे. विधवांची तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी ती दडपली नाही, तक्रार करणाऱ्यांना श्रद्धाहीन ठरवलं नाही. सात माणसं नेमली. सातांचीही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्यातलीच माणसं वाटपावर बसवलेली दिसतात. त्या सातांतला पहिला स्तेफन, पुढे ख्रिस्तसभेचा पहिला हुतात्मा. अन्नवाटपाच्या गाऱ्हाण्यातून सातांची ही सेवा उभी राहिली याचा मला फार अभिमान वाटतो. आमच्या बैठकांत आवाज चढले की मी हा सहावा अध्याय काढतो.

२. श्रद्धा घरात राहते

सीरियात युफ्रेटिस नदीकाठी ड्युरा-युरोपस नावाचं गाव होतं. १९३०च्या दशकात तिथल्या उत्खननात ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेचं एक घर सापडलं, तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातलं. बाहेरून ते शेजारच्या घरांसारखंच. आत दोन खोल्यांमधली भिंत काढून एक मोठी खोली केलेली आणि एका लहान खोलीत स्नानसंस्कारासाठी हौद बांधलेला. त्या खोलीच्या भिंतींवर चित्रं: खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, पाण्यावरून चालणारा येशू, आपली बाज उचलून निघालेला पक्षाघाती. २५६च्या सुमारास इराणी सैन्याचा वेढा पडला, तेव्हा तटबंदी भक्कम करण्यासाठी रोमन शिबंदीनं तटालगतची घरं मातीनं भरून टाकली. त्या मातीनंच चित्रं राखली. आज ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत.

पौलाच्या रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय बहुतेक लोक वाचता वाचता ओलांडतात, कारण त्यात नुसत्या नावांची यादी आहे. मला तो अध्याय प्रिय आहे. फीबी, प्रिस्का, अक्विला, युनिया, रूफस आणि त्याची आई. प्रिस्का आणि अक्विला हे नवरा-बायको तंबू करायचे आणि त्यांच्या घरी मंडळी जमायची.

धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिल्या दिवशीच कळतं की कोणत्या मुलाच्या घरी संध्याकाळची प्रार्थना होते. त्या मुलाला शब्द पाठ असतात हा त्यातला लहान भाग. प्रार्थना ही मोठी माणसंसुद्धा करतात, बाबासुद्धा गुडघे टेकतात, हे त्यानं पाहिलेलं असतं. बाकीच्यांना ती शाळेतल्या विषयासारखी वाटते, परीक्षा झाली की संपणारी. आमच्या गावांत आळीआळीला क्रूस आहेत. मे महिन्यात संध्याकाळी तिथे मेणबत्त्या लागतात, रोझरी होते, शेवटी धाकटे थोरांचा आशीर्वाद घेतात. वाड्या गेल्या, बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, घरटी दोन माणसं मुंबईच्या गाडीला लटकतात, हे सगळं मी जाणतो. पूर्ण रोझरी जमत नसेल तर तिचा एक भाग म्हणा. पण घरात म्हणा, मुलांच्या समोर म्हणा.

३. उपासना सुट्टीची वाट पाहत नाही

बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी यानं ११२च्या सुमारास सम्राट ट्राजनला लिहिलं की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाट व्हायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र गातात, आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. पहाटे का? दिवस उजाडला की कामावर हजर व्हायचं होतं. रविवार तेव्हा सुट्टीचा नव्हता. ती सुट्टी सम्राट कॉन्स्टंटाइननं ३२१मध्ये दिली, आणि तीही शहरातल्या लोकांना. शेतकऱ्यांना हंगामाच्या कामाची मोकळीक ठेवली.

आमच्याकडे पहाटेच्या मिस्साला येणाऱ्यांत रात्रपाळी करून थेट आलेल्या नर्स असतात, मासळीबाजारात निघालेल्या बायका असतात. त्यांना मी मनोमन त्या पहाटेच्या मंडळीत बसवतो.

४. प्रार्थनेची किंमत मागणाऱ्याला दार दाखवावं

डिडाखे म्हणून एक छोटं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या अखेरचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. शतकानुशतकं ते हरवलेलं होतं. कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात १८७३मध्ये ब्रिएन्निओस या धर्मगुरूंना त्याची हस्तलिखित प्रत सापडली आणि १८८३मध्ये त्यांनी ती छापली. त्यात अगदी घरगुती सूचना आहेत. बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करा. प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. फिरता प्रचारक आला तर त्याला प्रभूसारखं घरात घ्या. एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना भाकरीपलीकडे काही घेऊ नये. पैसे मागितले तर तो खोटा. आणि गावात स्थायिक व्हायचं असेल तर हाताला काम शोधावं.

आज फोनवर दररोज नवा प्रचारक येतो. आजार बरा करतो, व्हिसा मिळवून देतो, फक्त या खात्यावर बीजाची रक्कम पाठवा. बँकेत नोकरी केल्यामुळे अशी रक्कम भरायला आलेली माणसं मी काउंटरच्या पलीकडे उभी पाहिली आहेत. बहुतेकांच्या घरात कोणी ना कोणी अंथरुणाला खिळलेलं असायचं. देवाच्या नावानं अडल्यानडल्यांच्या खिशात हात घालणं हे माझ्या मते मोठं पाप आहे. डिडाखेची कसोटी आजही पुरेशी आहे आणि ती मी वर्गातल्या मोठ्या मुलांना पाठ करायला लावतो.

५. पर्पेतुआच्या वडिलांनाही जागा हवी

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात ७ मार्च २०३ रोजी पर्पेतुआ आणि फेलिसिता यांना रिंगणात मारलं. पर्पेतुआ बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, पदरात अंगावर पिणारं मूल. फेलिसिता गुलाम, तुरुंगातच बाळंत झाली. तिची मुलगी एका ख्रिस्ती बाईनं आपली म्हणून वाढवली. पर्पेतुआनं तुरुंगात स्वतः नोंदी लिहिल्या. ख्रिस्ती स्त्रीनं लिहिलेलं इतकं जुनं दुसरं लेखन क्वचितच उरलं आहे. आपल्या मिस्साच्या पहिल्या कृतज्ञतास्तवनात या दोघींची नावं आजही घेतली जातात.

हुतात्म्यांच्या गोष्टी सांगताना आपण शौर्य सांगतो. मी थांबतो तो तिच्या वडिलांपाशी. ते ख्रिस्ती नव्हते. पुनःपुन्हा तुरुंगात येतात, रागावतात, हात चुंबतात, पायांवर पडतात, माझ्या पिकल्या केसांकडे बघ म्हणतात, मूल पुढे धरतात. खटल्याच्या वेळी अधिकारी त्यांना छडीनं मारायला लावतो. पर्पेतुआ लिहिते की तो मार जणू तिलाच बसला. त्यांच्या म्हातारपणाची तिला दया आली. ती आपला निर्णय बदलत नाही, आणि वडिलांना शत्रूही ठरवत नाही.

माझ्या मुलीनं पदवी झाल्यावर धर्मभगिनी व्हायचं ठरवलं. "बाबा, मी नीट विचार केलाय," एवढंच तिनं सांगितलं. लोक अभिनंदन करत होते, फादर खूश होते, मला स्वतःला ते बोलावणं खरं वाटत होतं. तरी तिची खोली रिकामी झाली तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको कितीतरी रात्री जागे राहिलो. त्या दिवसांत पर्पेतुआच्या नोंदींनी मला आधार दिला. देवाला दिलेल्या मुलीसाठी रडणारा बाप श्रद्धेत उणा ठरत नाही, हे मला त्या जुन्या पानांवर लिहिलेलं दिसलं. ज्यांची मुलं सेमिनरीत किंवा कॉन्व्हेंटमध्ये गेली आहेत अशा आईबापांशी बोलताना आता मी अभिनंदन नंतर करतो. आधी विचारतो, "घरी कसं वाटतंय?"

६. पडलेल्यांसाठी दार उघडं हवं

या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग छळाचा नाही, छळानंतरचा आहे.

सम्राट डेसियसनं २५०च्या सुमारास हुकूम काढला की प्रत्येकानं देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत: नाव, गाव, मी नेहमीच देवतांना बळी देत आलो, आताही तुमच्यासमोर दिला, खाली साक्षीदाराची सही. अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी बळी न देता लाच देऊन नुसता दाखला मिळवला. काही तुरुंगात गेले, काही मेले. कार्थेजचा बिशप सिप्रियन लपून राहिला आणि त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली.

छळ ओसरला. आणि मग ही सगळी माणसं प्रार्थनेच्या दाराशी परत आली. आता काय करायचं? जिचा नवरा तुरुंगात मेला तिनं, दाखला विकत घेणाऱ्याच्या शेजारी उभं राहून एकच भाकर घ्यायची? रोममध्ये नोव्हाशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना क्षमा करण्याचा अधिकार चर्चला नाही. उलट तुरुंगातून सुटलेले काही जण उदारपणे सरसकट माफीच्या चिठ्ठ्या देत होते. सिप्रियननं २५१मध्ये आफ्रिकेतल्या बिशपांची सभा घेतली. तिनं मधला मार्ग धरला: प्रत्येकाची हकिकत वेगवेगळी ऐकायची, प्रायश्चित्त द्यायचं, आणि परत घ्यायचं. पुढे नव्या छळाची चिन्हं दिसू लागल्यावर प्रायश्चित्त करणाऱ्यांना लवकर आत घेतलं, कारण संकटात कोणी प्रभुभोजनावाचून राहू नये. हाच सिप्रियन पुढे १४ सप्टेंबर २५८ रोजी शिरच्छेदाला सामोरा गेला.

नोव्हाशियनचा पंथ कडक होता, नीतिमान होता, आणि काही शतकांनी विरून गेला. चूक करणाऱ्यांना परत घेणारं चर्च राहिलं. मी या दुसऱ्या चर्चचा आहे आणि मला त्याचं समाधान आहे.

पुष्कळ वर्षं चर्चला न आलेला माणूस बहुधा एखाद्या मयताला येतो. आईच्या अंत्यविधीला शेवटच्या बाकावर बसतो. मग पुढच्या रविवारी पुन्हा येतो, तसाच मागे. अशा वेळी गावाचे डोळे बोलतात: आता कसा देव आठवला? ते डोळे नोव्हाशियनचे आहेत. मी अशा माणसाला मिस्सा संपल्यावर गाठतो आणि घरचं विचारतो, मुलं काय करतात, वाडीत काय लावलंय. इतकी वर्षं कुठे होतास, हे विचारत नाही. ते विचारायचा हक्क फक्त कन्फेशनच्या खुर्चीला आहे, आणि चांगला फादर तिथेही घाई करत नाही. आठवण करून देतो, ही वागणूक घटस्फोटितांना, मुलाच्या लग्नावरून घरात वाद झालेल्यांना, दारू सोडून पुन्हा घसरलेल्यांनाही लागू आहे.

७. साथीत शेजारी कोण ते पाहू नये

डेसियसच्या काळातच साथ पसरली आणि दहाएक वर्षं रोमन साम्राज्यात फिरत राहिली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस एका पत्रात लिहितो की अनेक धर्मगुरू, सेवक आणि साधे भाविक आजाऱ्यांची शुश्रूषा करताना स्वतः आजारी पडून गेले. कार्थेजमध्ये सिप्रियननं आपल्या लोकांना बजावलं की मदत फक्त आपल्यांपुरती ठेवू नका. हे त्यानं सांगितलं ते, ज्या शहरात काही काळापूर्वी त्याच्या रक्ताची मागणी करणाऱ्या घोषणा झाल्या होत्या, त्याच शहरात.

२०२१च्या उन्हाळ्यात, कोविडच्या साथीत, आमच्या आळीत जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी तापलेलं होतं. माझी मुलगी दूरच्या राज्यात तिच्या संस्थेच्या रुग्णालयात कामावर होती, फोन रात्री उशिरा यायचा. इथे डबे कोणाच्या घरून कोणाच्या घरी गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आमच्या घरी आलेली पेज मागच्या आळीतल्या हिंदू शेजारणीनं पाठवली होती, आणि ऑक्सिजनचं सिलिंडर आणणाऱ्या पोरांत सगळ्या धर्मांची पोरं होती. सेवेवर ख्रिस्ती माणसाची मक्तेदारी नाही. आपल्यावर तिचं बंधन मात्र आहे.

८. आपल्या माणसांत राहावं, सत्तेशिवाय राहावं

दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं, डायोग्नेतस नावाच्या गृहस्थाला उद्देशून लिहिलेलं एक पत्र आहे. लेखक अज्ञात. त्याची एकुलती हस्तलिखित प्रत पंधराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या एका मासळीच्या दुकानात, मासे बांधायच्या कागदांत सापडली. पुढे ती स्ट्रासबर्गला पोचली आणि १८७०च्या युद्धात ग्रंथालयाबरोबर जळाली. नकला झाल्या होत्या म्हणून मजकूर वाचला. त्याचं सांगणं असं की ख्रिस्ती लोक देशानं, भाषेनं, पेहरावानं वेगळे नसतात. शेजाऱ्यांसारखंच खातात, नेसतात, लग्नं करतात. वेगळं असतं ते त्यांचं वागणं.

हे वाचताना मला वसईच्या सामवेदी ख्रिस्ती म्हाताऱ्यांचं लाल लुगडं आठवतं, लग्नातली आमची बोलीतली गाणी आठवतात. "तुम्ही ख्रिश्चन असून मराठी इतकं छान कसं बोलता?" हा प्रश्न बँकेत मला नेहमी यायचा. मी शांतपणे सांगायचो, आमच्या आजी-आजोबांनाही दुसरी भाषा येत नव्हती.

या किनाऱ्याचा ख्रिस्ती धर्माशी संबंध पोर्तुगीजांच्याही आधीचा आहे. सहाव्या शतकात कॉस्मास या प्रवासी व्यापाऱ्यानं कल्लियाना इथे इराणमधून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलं. ते आपलं कल्याण असं अनेक अभ्यासक मानतात. १३२१मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. पण आमच्या बहुतेक घराण्यांचा धर्म १५३४नंतरचा, वसई पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावरचा. त्यात खरी श्रद्धा होती, आणि राज्यकर्त्यांची ताकदही होती, देवळं पाडली गेली हेही खरं. हे मी वर्गात मुलांना लपवून ठेवत नाही. पहिल्या तीनशे वर्षांच्या ख्रिस्ती लोकांजवळ तलवार नव्हती. ज्या काळात धर्माच्या हाती तलवार आली त्या काळाबद्दल बोलताना आपला आवाज नम्रच हवा.

१७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, त्यांचे मठ आणि कॉलेजं ओस पडली, किल्ल्यातल्या चर्चची छपरं कोसळली. वाडीत राबणारी माणसं मात्र मागे राहिली, मराठी राज्यात, मोजक्या धर्मगुरूंच्या आधारावर, आणि त्यांनी प्रार्थना सोडली नाही. आमच्या पूर्वजांची श्रद्धा त्यांची स्वतःची होती याचा पुरावा मला १५३४मध्ये मिळत नाही, १७३९मध्ये मिळतो.

९. जो आला नाही त्याच्याकडे जावं

जस्टिन हा आताच्या नाब्लूसचा, तत्त्वज्ञानाचा अभ्यासक. १५५च्या सुमारास त्यानं सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली आणि रविवारी आम्ही नेमकं काय करतो हे सांगितलं. शहरातले, खेड्यातले सगळे एके ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तितके वाचतात. अध्यक्ष प्रवचन करतो. सगळे उठून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणतात, आभार मानतात, वाटून घेतात. साडेअठराशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आमच्या गावातली मिस्सा याच क्रमानं होते. हे पान प्रथम वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

पण जस्टिन तिथे थांबत नाही. पुढे दोन गोष्टी सांगतो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक प्रसाद नेऊन देतात. आणि ज्यांना परवडतं ते ऐच्छिक देणगी देतात. तिच्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची सोय होते. पुढच्या पिढीतला लेखक टर्टुलियन अशा देणगीच्या पेटीचा खर्च आणखी तपशिलानं देतो: गरिबांचं दफन, पोरकी मुलं, थकलेले नोकर, जहाज फुटून निराधार झालेले, खाणींत शिक्षा भोगणारे. म्हणजे मिस्सा दारात संपत नव्हती. कोण आलं नाही, हे कोणीतरी मोजत होतं.

१९७३मध्ये पोप सहावे पॉल यांनी सामान्य भाविकांनाही, गरज असेल तिथे, कम्युनियन वाटण्याची आणि घरी नेण्याची परवानगी जगभरासाठी दिली. निवृत्तीनंतर मला ही सेवा मिळाली. रविवारच्या मिस्सानंतर गळ्यातल्या छोट्या डबीत प्रसाद घेऊन मी ठरलेल्या घरांत जातो. टेबलावर पांढरं कापड, क्रूस आणि मेणबत्ती मांडून ठेवलेली असते. कितीही गुडघे दुखत असले तरी म्हाताऱ्यांनी ही मांडणी स्वतःच केलेली असते.

एक मावशी आहेत, मुलं परदेशात, दिवसभर सोबतीला कामवाली बाई. प्रार्थना झाली की त्या हात धरून म्हणतात, "बस रे थोडा. आज कोणाची लग्नाची चिठ्ठी वाचली?" मग मी सांगतो. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचा स्नानसंस्कार झाला, कोण गेलं, प्रवचनात फादर काय बोलले, गायनमंडळानं कोणतं गीत गायलं. सुरुवातीला मला वाटे, हे प्रार्थनेनंतरचं बोलणं आहे. आता मी ते प्रार्थनेतच धरतो. त्यांना प्रसाद हवा असतो आणि मंडळीही हवी असते. जस्टिनच्या सेवकांनाही दारोदार हेच विचारलं गेलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

या सेवेत एक गोष्ट खटकत आली आहे. कम्युनियन घरी नेणारे पुरेसे आहेत, पण कोणाकडे जायचं याची माहिती नसते. नव्या इमारतींत राहायला आलेली माणसं कोणाच्या ओळखीची नसतात. ऑपरेशन होऊन आलेला भाडेकरू, पायाला प्लास्टर घातलेली कामकरी बाई, मानसिक आजारानं घरात कोंडून घेतलेला तरुण, हे कोणाच्या यादीत नसतात. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची मंडळी घरोघर फिरतात म्हणून निदान गरिबीतल्या घरांचा पत्ता लागतो. बाकीचे राहून जातात.

म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. तुम्ही ख्रिस्ती असाल तर तुमच्या आळीत किंवा इमारतीत घराबाहेर पडू न शकणारी माणसं कोण, त्यांची नावं आणि घर क्रमांक एका कागदावर लिहा आणि येत्या रविवारी तो कागद तुमच्या फादरांच्या हातात द्या. त्यांतल्या एकाच्या घरी तुम्ही स्वतः जा.